पंप गेला म्हणे

आमच्या दुकानात येणारा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग माझ्या मागे बघतो. मागे फक्त फळ्या आहेत आणि त्यांच्यावर खोकी. तरी तो जरा वेळ थांबतो, खोक्यांतून एखादा पुरुष बाहेर येईल म्हणून. कोणी येत नाही असं दिसल्यावर विचारतो, "शेठ नाहीत का?" मी म्हणते, "मीच आहे." मग तो हसतो आणि मीही हसते. तो का हसतो ते मला कळतं. मी का हसते ते त्याला कळत नाही.

दुकान नाशकात, द्वारका चौकाच्या मागच्या गल्लीत आहे. वडिलांनी काढलं. भाऊ कॉम्प्युटर शिकून पुण्याला गेला आणि तिथून फोनवर सल्ले देऊ लागला. मी नाशकातच दिलेली, नवरा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात पाळ्या करणारा, तेव्हा वडिलांचे गुडघे गेले तसं दुकान आपोआप माझ्याकडे आलं. डिझेल ट्रकच्या टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेवर जे काही लागतं तेवढंच आम्ही विकतो. फिल्टर, पाइप, नोझल आणि मुख्य म्हणजे पंप. ट्रकला पंप दोन असतात. टाकीतलं डिझेल ओढून पुढे ढकलतो तो लहान, त्याला फीड पंप म्हणतात. तेच डिझेल भयंकर दाबाने इंजिनात सोडतो तो मोठा, हाय-प्रेशर पंप. एवढं समजायला डोकं लागत नाही. पण ट्रकमालक म्हणवणाऱ्या निम्म्या लोकांना ते समजत नाही, आणि उरलेल्या निम्म्यांना समजून घ्यायचं नसतं.

त्यांचं निदान एकच असतं. गाडीला पिकअप नाही, पंप गेला. गाडी धूर मारते, पंप गेला. ड्रायव्हर ढाब्यावर झोपला आणि माल उशिरा पोचला, तरी पंपच गेला. कुणी टाकी बघत नाही, फिल्टर उघडत नाही. ताप आला की थेट हृदय बदला म्हणणारे हे लोक.

ही गोष्ट अशाच एका शेठची.

ते मूळचे सटाण्याकडचे. कांद्याच्या धंद्यातून ट्रकांच्या धंद्यात आलेले. गाड्या मोजक्याच होत्या, पण रुबाब पन्नास गाड्यांचा. आडगावच्या पुढे हायवेला लागून त्यांचं यार्ड आहे. त्यांच्या वाढदिवसाला चौकात जो बॅनर लागायचा, त्यावर त्यांचा फोटो एवढा मोठा असायचा की सिग्नल दिसत नसे. पांढरे कपडे, पांढरे बूट. ट्रकच्या धंद्यात पांढरे बूट घालणाऱ्या माणसाने आयुष्यात गाडीखाली वाकून बघितलेलं नसतं, हे मी शपथेवर सांगते.

पहिल्यांदा आले तेव्हा बरोबर त्यांचा मेहुणा होता, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. यार्डाचा मॅनेजर. गॉगल डोळ्यांवर नाही, केसांत. कानात इअरफोनची ती छोटी पांढरी बोंडकी, त्यामुळे तो आपल्याशी बोलतोय की फोनवर, ते कळत नसे.

"फीड पंप द्या ताई," शेठ म्हणाले. "मुंबईहून परत येताना गाडी कसाऱ्याच्या चढाला बसली. घोटीपर्यंत ओढून आणली."

मी विचारलं, "रिकामी होती का भरलेली? अचानक बंद पडली, का हळूहळू दम सोडला? हातपंप मारल्यावर परत चालू होत होती का?"

शेठनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्याने एका कानातलं बोंडकं काढलं. "दाजी, ह्या चौकशी करत बसणार. पंप गेलाय, मी व्हिडिओत बघितलंय. सेम सिम्प्टम."

"फिल्टर उघडून बघितला का?" मी म्हटलं. "पंप बदलायच्या आधी टाकी आणि फिल्टर बघावा. घाण असेल तर नवा पंपही तीच घाण गिळणार."

"ताई," शेठ अगदी सौजन्याने म्हणाले, "तुम्ही पंप द्या. बाकीचं आमचा मॅनेजर बघून घेईल."

मी पंप दिला. मॅनेजरने बघून घेतलं, म्हणजे पाइपात शिरलेली हवा न काढताच बॅटरी झोपेपर्यंत स्टार्टर मारला. शेवटी कुणा शहाण्या ड्रायव्हरने हवा काढली आणि गाडी चालू झाली. ती काही दिवस चालली, आणि परत त्याच चढाला बसली.

आता शेठनी मोठा पंप मागितला. तो नेहमी माझा मिस्त्री बसवतो. दुकानाच्या मागच्या भागात त्याचं टेस्टिंगचं मशीन आहे. तो चांगला कारागीर आहे, हे मला त्याच्याकडून रोज ऐकावं लागतं. कुठल्याही इंजिनापाशी गेला की स्क्रूड्रायव्हरचं टोक पंपाला टेकवतो, मूठ कानाला लावतो आणि डोळे मिटतो. चेहरा असा, की आत कुणी अभंग म्हणतंय. मग डोळे उघडून जे सांगतो ते बहुतेक वेळा सगळ्यांना आधीच दिसत असतं. यार्डातही त्याने तसंच केलं आणि जाहीर केलं, "प्रेशर नाही." प्रेशर नाही म्हणून तर बोलावलं होतं.

पण बसवायचं काम त्याने नीट केलं. टायमिंगच्या खुणा जुळवल्या, पाइपांची तोंडं झाकून ठेवली, आधी पंपात डिझेल भरलं, सगळी हवा काढली आणि मगच चावी फिरवू दिली. एका फटक्यात इंजिन चालू. शेठनी नारळ फोडला, पेढे वाटले आणि इंजिनासमोर उभं राहून फोटो काढला. तो फोटो त्यांनी स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं होतं, 'मेहनतीला पर्याय नाही'. मेहनत मिस्त्रीची. पांढऱ्या बुटांवर डाग नव्हता.

महिनाही गेला नसेल, शेठ पुन्हा दुकानात, मागे पंप घेऊन मेहुणा. या वेळी सौजन्य नव्हतं. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं उभी होती आणि ती बघूनच त्यांनी आवाज चढवला.

"डुप्लिकेट माल विकता तुम्ही! पंप बसला आमचा. दुसऱ्या गाडीलाही तोच त्रास सुरू झालाय."

"दुसऱ्या गाडीला मी पंप दिलेलाच नाही, शेठ," मी म्हटलं. "मग माझा डुप्लिकेट माल तिच्यात उडी मारून गेला का?"

गिऱ्हाइकं हसली. मेहुण्याने खाली ठेवलेला पंप शेठनी पायाने माझ्याकडे ढकलला आणि निघून गेले. मला राग यायचा तो आलाच. शिव्या मी पचवते. वडिलांच्या दुकानाचं नाव निघालं की पचत नाही.

मिस्त्रीला म्हटलं, "उघड."

त्याने पंप उघडला. नव्या पंपाच्या आतले भाग आरशासारखे हवेत. इथे तपकिरी चिकट थर बसला होता, वार्निश मारल्यासारखा. घासणारे भाग ओरखडून निघाले होते, एक तर अडकूनच बसला होता. मिस्त्रीने बोट फिरवलं, नाकाशी नेलं आणि प्रथमच काही उपयोगाचं बोलला.

"ताई, हे डिझेल नाय. ह्याला दिवाळी संपल्यावरच्या कढईचा वास येतोय."

खरंच येत होता. उरलेल्या, जळक्या तेलाचा. त्यात मागून रंगाच्या दुकानासारखा झिणझिण्या आणणारा आणखी एक वास. हायवेला टँकर उभे करून डिझेल म्हणून स्वस्तात कसलं कसलं तेल विकणारे लोक असतात, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. ते तेल पंपातून जाताना पंपालाच खातं. म्हणजे शेठच्या टाकीत कोणीतरी ते ओतत होतं, आणि चांगल्या डिझेलचा खर्च लावत होतं. यार्डातलं डिझेल कोण भरतं, हे विचारायला मला कुठे जायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी यार्डात गेले. नवऱ्याची दुपारची पाळी होती. तो जाण्याआधी मला गाडीवर सोडायला आला. गेटपाशी म्हणाला, "पंप विकून झाला ना? आता कशाला जातेस?" मी म्हटलं, "डुप्लिकेट म्हणाला तो." नवऱ्याने गाडी वळवली. माझ्याशी कधी वाद घालायचा नाही, एवढं शहाणपण लग्नाने त्याला दिलं आहे.

मी येताना पेट्रोल पंपावरून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल आणलं होतं. यार्डात बंद पडलेल्या ट्रकच्या फिल्टरखाली दुसरी बाटली धरली आणि आधीच येऊन थांबलेल्या मिस्त्रीला तोटी उघडायला सांगितली. दोन्ही बाटल्या बंपरवर शेजारी शेजारी ठेवल्या. माझी स्वच्छ, फिकट पिवळी. शेठची चहासारखी, आणि जरा वेळाने तळाला गढूळ, साबुदाण्याच्या खळीसारखं काहीतरी उतरू लागलं.

शेठ आले. मेहुणा आला. गाडीचा ड्रायव्हर, पेठकडचा एक वयस्कर माणूस, चाकाला टेकून उभा होता.

"डिझेल कुठून भरता?" मी ड्रायव्हरला विचारलं.

"मला काय नाय माहीत बाई," तो आभाळाकडे बघत म्हणाला. "शेडमधल्या पिपातून जे टाकत्यात, त्याच्यावर मी गाडी चालवतो."

मेहुणा पुढे आला. या वेळी दोन्ही कानांतली बोंडकी काढलेली होती. "बाटली घाण असेल. फिल्टरमधलं डिझेल असंच दिसतं. मी व्हिडिओ दाखवतो."

"दाखव," मी म्हटलं. "नाहीतर शेडमधलं पीप दाखव, ते जवळ आहे."

"त्याची चावी घरी राहिली."

शेठ बाटल्यांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावरून एकेक गोष्ट सरकताना मला दिसली. आधी काही कळेना, मग कळलं, मग आपल्याला हे थोडं आधीच कळलं होतं, तेही कळलं. माणूस मूर्ख नव्हता. मूर्ख असता तर मला दया आली असती.

ते वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "डिझेल आपलं एक नंबर आहे. पंपातच फॉल्ट आहे. ताई, दुसऱ्या गाडीचाही एक पंप पाठवून द्या."

गेटपर्यंत मला सोडायला आले तेव्हा आवाज एकदम खाली आला. "ताई, समजून घ्या. घरचं माणूस आहे. बायकोचा एकुलता एक भाऊ. बोललो तर घरात आग लागेल. पंप परवडतो."

जो माणूस चौकातल्या स्टेजवरून भ्रष्टाचार खपवून घेणार नाही म्हणून माईक हलवायचा, तो स्वतःच्या शेडची चावी मागायला घाबरत होता. आणि ती भीती त्याने बायकोच्या नावावर टाकली होती. पुरुषांचं हे एक मला कळत नाही. घरातल्या बाईला काही विचारायचं नाही, आणि मग ती काय म्हणेल या भीतीने आयुष्य काढायचं.

मी पंप पाठवला. सोबत निरोप दिला, की या गाड्यांत घातलेल्या पंपाची गॅरंटी आमची नाही. शेठनी तो घेतला. नंतर अजून एक नेला. बाहेर मात्र सांगत राहिले, की अमक्या दुकानातले पंप टिकत नाहीत. म्हणजे माल माझा घ्यायचा, आणि बदनामीही माझीच. आजूबाजूचे दुकानदार मला सांगायला येत, वाईट वाटून नव्हे, माझा चेहरा कसा होतो ते बघायला.

मग एका दुपारी एक बाई दुकानात आल्या. अंगावर साधी सुती साडी, हातात भाजीची पिशवी, कपाळावर घाम. माझ्या मागे कोणी पुरुष आहे का ते त्यांनी बघितलं नाही. थेट माझ्याकडे बघितलं.

"पंप विकणारी ती तूच का?"

"मीच."

"आमच्या गाड्यांचं वाटोळं केलं तू. भाच्याच्या लग्नाला सगळे गाडी घेऊन जाणार होतो, तर हे म्हणतात खर्च नको, सगळे पैसे पंपांत गेले. म्हटलं, बघून तरी यावं असली कोण बाई आहे ते."

त्या शेठच्या बायको होत्या. भांडायला आल्या होत्या आणि भांडण नीट करायचं म्हणून पिशवी खाली ठेवली. मी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. त्या बसल्या नाहीत. मग मी आतून उघडलेला पंप आणला आणि ती बाटली आणली, शेठच्या फिल्टरमधली. मी टाकून दिली नव्हती. झाकण काढून त्यांच्यापुढे धरली.

"वास घ्या."

त्यांनी वास घेतला, आणि त्या क्षणी त्यांचा चेहरा बदलला. जिने आयुष्यभर पापड-कुरड्या तळल्या तिला हा वास समजावून सांगावा लागत नाही.

"जळकं तेल आहे हे."

"हे तुमच्या गाड्यांच्या टाकीत आहे. डिझेलच्या जागी."

आता त्या बसल्या. बाटली हातात घेऊन उजेडात धरली. मग विचारलं, "शेडची चावी कुणाकडे असते?"

"ते तुम्हाला माहीत असेल. मी परकी."

"मना भाऊ शे तो," त्या हळूच म्हणाल्या. इतका वेळ नाशिकचं बोलत होत्या, आता एकदम माहेरची अहिराणी आली. "माले माहीत नही का त्याचं?"

त्यांनी मान वर केली.

"ह्यांना माहीत आहे?"

"आहे. मी स्वतः दाखवलं, यार्डात."

"मग?"

"म्हणाले, बायकोचा एकुलता एक भाऊ आहे, बोललो तर घरात आग लागेल."

मला वाटलं त्या रडतील. पण त्यांना हसू आलं, आणि ते हसू चांगलं नव्हतं. "मला भ्याले? माझ्या नावावर? अहो ताई, त्याला आमच्या घरात कोण ओळखत नाही? दुसऱ्यांच्या कांद्याच्या गोण्या परस्पर विकल्या म्हणून आमच्या बाबांनीच त्याला खळ्यावर पाय ठेवू नको म्हणून सांगितलं होतं. हे त्याला इकडे घेऊन आले तेव्हा मी म्हटलं होतं, कामाला ठेवा, पण चावी देऊ नका. तर हेच मला म्हणाले, तुझा भाऊ तो माझा भाऊ. सासरवाडीला मोठेपणा दाखवायचा होता ना!"

चहा आला. त्यांनी तो एका दमात प्यायला, पिशवी उचलली आणि बाटली मागितली. मी झाकण घट्ट लावून दिली. मेथीच्या जुडीखाली ती नीट ठेवून त्या रिक्षात बसल्या.

पुढचं मी बघितलं नाही, मला मिस्त्रीने सांगितलं, आणि त्याला त्या पेठच्या ड्रायव्हरने. बाई घरी न जाता थेट यार्डात गेल्या. सगळ्यांसमोर भावाला म्हणाल्या, "चावी." त्याने पुन्हा ती घरी राहिल्याचं सांगितलं. त्यांनी ड्रायव्हरला कुलूप तोडायला लावलं. पिपांची झाकणं काढली, तोच वास. शेठ मध्ये पडले, "अगं, हळू बोल, माणसं आहेत." त्यावर त्या म्हणाल्या, "माणसं आहेत म्हणून तर मोठ्याने बोलतेय. तुम्ही माझ्या नावाने भित्रेपणा केला, तोही माणसांतच केला." संध्याकाळच्या एसटीने मेहुणा सटाण्याला गेला. गॉगल केसांतच होता म्हणे.

नंतर आमच्या मिस्त्रीला बोलावणं आलं, बाईंचं. सगळ्या टाक्या उतरवून धुतल्या, पाइप झटकून काढले, फिल्टर बदलले, दोन गाड्यांना पुन्हा नवे पंप घातले. या वेळी मिस्त्रीने कानाला स्क्रूड्रायव्हर लावायला सुरुवात केली तेव्हा बाई म्हणाल्या, "ऐकून झालं असेल तर पाना घ्या." त्याने पाना घेतला. त्या गाड्या आजही कसाऱ्याचा चढ चढतात. धूरसुद्धा मारत नाहीत.

शेठनी माझे आभार मानले असतील असं कोणाला वाटत असेल, तर त्याने अजून कुठला शेठ जवळून पाहिलेला नाही. त्यांनी माझ्याकडून माल घेणं बंद केलं. गल्लीच्या टोकाच्या दुकानात जाऊ लागले आणि तिथे बसून सांगू लागले, की पंपवाली बाई लोकांची घरं फोडते. एका लग्नात, लॉन्सवर, ते समोरून आले तेव्हा त्यांनी एवढ्या तातडीने मान वळवली की हातातल्या ताटातली रबडी पांढऱ्या बुटांवर सांडली. मी रुमाल द्यायला निघाले होते. नवऱ्याने हात धरला.

त्यांच्या बायको मात्र माझ्या शेजारी येऊन बसल्या. भावाचं विचारलं तर म्हणाल्या, तिकडे आता कुणाच्या तरी पोल्ट्रीत मॅनेजर आहे, कोंबड्यांची काळजी वाटते. मग पदर सावरत, आवाज खाली आणून म्हणाल्या, "फिल्टर पाठवत जा ताई, दर महिन्याला. ड्रायव्हर येईल घ्यायला. टोकाच्या दुकानातून आणल्यासारखे दिसतील असे पाठव, म्हणजे ह्यांना वाटेल तिथूनच आणलेत."

"आमच्या खोक्यावर दुकानाचा शिक्का असतो," मी म्हटलं.

"मग खोकं काढून दे."

तेव्हापासून महिन्याच्या सुरुवातीला तो पेठचा ड्रायव्हर दुकानात येतो. मी फिल्टर खोक्यांतून काढून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून देते. शेठ ते बघतात आणि टोकाच्या दुकानाच्या मालाची स्तुती करतात, असं तो सांगतो. सांगताना पुन्हा आभाळाकडेच बघतो, पण मिशीखाली हसत असतो.